डोरोथेआवरचं जांभळं कापड

माझ्या नवऱ्याचं दगडापेक्षा मातीवर प्रेम जास्त. माती ऐकते, दगड उलट बोलतो, असं तो म्हणायचा. म्हणून आमच्याकडे कामाची वाटणी ठरलेली होती. आमांडनं आधी ओल्या मातीत मूर्ती करायची, तिच्यावरून प्लास्टरचा नमुना काढायचा आणि मग तो नमुना दगडात उतरवायला मी त्याच्या जोडीला उभं राहायचं. मी झांडग्रुंडच्या खाणीवरच्या मुकादमाची मुलगी, फिलोमेना. चालायला लागले तेव्हापासून दगडाशी माझं भांडण चालू आहे आणि बहुतेक वेळा मीच जिंकत आले आहे.

नमुना दगडात उतरवण्यात जादू काही नाही. पितळेची एक चौकट असते आणि तिच्यात मागेपुढे सरकणारी सुई. चौकट प्लास्टरला लावायची, सुई नाकाच्या शेंड्याला टेकेल इतकी सरकवायची आणि तिथंच पक्की करायची. मग तीच चौकट उचलून दगडाला लावायची. सुई जिथं अडते तिथला दगड जास्तीचा, तो काढायचा. नाक झालं की भुवई, भुवई झाली की हनुवटी. एवढंच लक्षात ठेवायचं, की दगडातून काढता येतं, त्यात घालता येत नाही.

आमांड झाईडलर हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. विणकराचा मुलगा. प्रागला शिकला, म्युनिकला राबला, रोमला जाऊन ताप घेऊन आला. एल्बे नदीच्या दोन्ही काठांवर पुलांवरचे संत, चौकातली कारंजी आणि थडग्यांवरचे देवदूत मोजायला बसलात तर निम्मे त्याचे निघतील. प्रागच्या एका वर्तमानपत्रानं एकदा लिहिलं होतं, की झाईडलरचे संत पाहिले की ते स्वर्गात पोचून बराच काळ झाला असावा असं वाटतं. ते वाचून आमांड मोठ्यानं हसला होता. पण त्यानंतर कुठलीही मूर्ती पुरी झाली, की तो मागे सरकून तिच्याकडे बघायचा आणि मला विचारायचा, "मेली का गं ही पण?" मी म्हणायचे, "झोपलीय." मला खोटं बोलता येत नाही, पण नवराही हवा असतो.

त्या हिवाळ्यात मात्र घरात नुसता आनंदाचा गोंधळ होता. एक तर आमच्या चर्चमधली लाकडी संत डोरोथेआ किड्यांनी पोखरली होती आणि नवी करायचं काम फादर कायेटाननी आमांडला दिलं होतं. ईस्टरच्या आधी दोन आठवडे चर्चमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडानं झाकतात आणि पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, घंटा पुन्हा वाजायला लागल्या की एकदम उघडतात. फादरना हौस अशी, की मूर्ती झाकायच्या आदल्या दिवशी डोरोथेआ गुपचूप जागेवर बसवायची आणि शनिवारी कापड पडलं की सगळ्या गावानं आ वासायचा.

आणि दुसरं म्हणजे आमची रोझिना येणार होती. आमची एकुलती एक. आमच्याकडचे काचवाले पार स्पेनातल्या काडिझपर्यंत दुकानं मांडून बसलेत. त्यांतल्याच एकाशी लग्न करून ती एकोणिसाव्या वर्षी गेली, ती इतक्या वर्षांत फिरकली नव्हती. ईस्टरला येते असा तिचा निरोप आल्यापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. मी खोलीला चुना लावला. खसखस दळून ठेवली. गाद्यांतली पिसं काढून उन्हात घातली. शेजारीण म्हणाली, "मेना, मुलगी येतेय की सम्राज्ञी?" मी म्हटलं, "सम्राज्ञीला मी असला पलंग देणार नाही."

तेव्हा डोरोथेआला चेहरा कुणाचा द्यायचा याची चर्चासुद्धा झाली नाही. रोझिना जाण्याआधी आमांडनं तिचा मुखवटा मातीत केला होता. प्लास्टरचा तो नमुना आमच्या कारखान्यात फळीवर तेव्हापासून बसलेला होता. गोल गाल, भरलेली हनुवटी, सगळ्या जगाला हसणारी नजर. हातात गुलाब आणि सफरचंदांची टोपली दिली, की झाली डोरोथेआ.

फेब्रुवारीत एका सकाळी मी डाव्या भुवईवर सुई पक्की केली आणि चौकट दगडावर आणली. सुई अडली नाही. ती आत गेली आणि पुढे मोकळीच राहिली. भुवईवर एक बारीक तिरपी खाच होती.

"जास्त खोदलंस," मी म्हणाले.

"मी? मी अजून कानापाशी आहे."

"मग काय उंदरांनी खोदलं?"

"तुझ्या घरचे उंदीर छिन्नी चालवतात हे मला कुणी लग्नाआधी सांगितलं नव्हतं," आमांड म्हणाला आणि भिंग घेऊन आला. त्यानं खाच पाहिली, बोटानं चाचपली. दगडात मऊ शीर असेल, ती झडून गेली असेल, असं त्यानं ठरवलं. मलाही ते पटलं. वालुकाश्मात असं होतं.

पुढच्या आठवड्यात हनुवटीला तसंच झालं. मग डोळ्यांखाली. प्लास्टरची रोझिना गुबगुबीत आणि दगडातली उतरलेली. नुसती उतरलेली नाही, तर मोठी झालेली. ज्या बाईनं घर चालवलंय, जागरणं केलीयत, एखादं दुःख गिळलंय, तिचा चेहरा. मी चौकट तपासली, खिळे तपासले, सुई नवी बसवली. शेवटी वैतागून म्हटलं, "हा दगड टाकून देऊ."

आमांडनं माझा हात धरून मला मागे खेचलं. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

"बघ तर खरं, मेना. हिला कुणी मेलेली म्हणेल?"

मी पाहिलं. नाही म्हटलं असतं कुणी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण इथं घाव मारले कुणी हेच कळत नव्हतं. मला तेव्हा भीती वाटली नाही, हे खरं सांगते. मला अभिमान वाटला.

डोळे मात्र मी केले. ते काम आमांड नेहमी माझ्यावर सोडतो. पापण्या वर उचललेल्या, आणि बुबुळाच्या जागी माझ्या करंगळीचं टोक बसेल एवढा खड्डा. त्यात सावली पडली की मूर्तीला नजर येते. दोन्ही खड्ड्यांत करंगळी घालून पाहिली आणि काम संपलं असं म्हटलं.

मूर्ती बैलगाडीतून चर्चमध्ये गेली. तिचं जांभळं झाकण मीच शिवलं. उरलेला तुकडा घडी करून पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी रविवारी सगळ्या मूर्ती झाकलेल्या होत्या, आमचीही.

रोझिना पवित्र आठवड्यातल्या बुधवारी दुपारच्या आगबोटीनं आली. धक्क्यावर माझ्या आधी आमांड पळाला, गुडघे दुखतात म्हणून रोज रडणारा माणूस. ती फळीवरून उतरली, हसत, टोपी हातात धरून. आणि तिच्या डाव्या भुवईवर बारीक तिरपा व्रण होता.

"अगं हे काय?" मी विचारलं.

"काही नाही गं आई. काचसामानाची पेटी उघडताना फळी उडाली. फेब्रुवारीतच लागलं."

हनुवटी उतरलेली होती. डोळ्यांखाली खळगे. आमांडनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगठ्यांनी गाल चाचपले आणि आरोळी ठोकल्यासारखा हसला. घरी येईपर्यंत तो शीळ घालत होता.

"बाबा, तुम्ही इतके खूश कशानं?"

"शनिवारी कळेल."

मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "माझ्या हाताला कळलं होतं, मेना. बापाच्या हाताला कळतं." त्याला यात नवल वाटलं, भय नाही. माझ्या पाठीवरून मात्र काहीतरी सरकून गेलं. पण मुलगी समोर बसून माझं सूप पीत होती, भरभरून बोलत होती. मी ते झटकून टाकलं.

गुरुवारी घंटा मुक्या झाल्या. त्या रोमला उडून जातात असं पोरांना सांगतात. मग शनिवारपर्यंत घंटांऐवजी पोरं लाकडी खुळखुळे कडाकडा फिरवत गल्लीगल्लीतून हिंडतात. त्या सकाळी मध लावलेला पाव खायचा असतो, म्हणजे वर्षभर विषबाधा होत नाही. रोझिनानं एक घास घेतला, काडिझच्या बंदराचं काहीतरी सांगायला लागली आणि वाक्याच्या मध्येच तिच्या पापण्या खाली आल्या.

"रोझी?"

"अं? डोळे उघडेच राहत नाहीत गं. हॅम्बुर्गला उतरले तेव्हापासून असंच चाललंय."

"कधी उतरलीस?"

"गेल्याच्या गेल्या रविवारी."

त्या रविवारी डोरोथेआवर कापड चढलं होतं. मी उगीच दोन गोष्टींची गाठ मारतेय असं स्वतःला सांगितलं आणि तरीही दुपारी चर्चमध्ये गेले. बाजूच्या वेदीवर चढून कापडाखाली डोकं घातलं. आत जांभळा उजेड होता. नीट दिसेना, म्हणून हात वर नेला, भुवईवरून खाली, आणि डोळ्याच्या खड्ड्यात करंगळी घातली.

करंगळी आत गेली नाही. खड्ड्याच्या वरच्या अर्ध्या भागावर दगड होता. गुळगुळीत, पातळ, खाली वळलेला.

"झाईडलरबाई," खालून आवाज आला. घंटा वाजवणारा म्हातारा हिरोनिमस होता. घंटा नसल्यामुळे त्याला दोन दिवस चौकशा करण्यावाचून काम नसतं. "कापडाखाली डोकं घालायचं ते शनिवारपर्यंत थांबत नाही का?"

"शिवण उसवलीय. बघत होते."

"बाईमाणसानं शिवलेलं आणि उसवलं?" तो म्हणाला. मी खाली उतरले आणि दोरा आणते असं म्हणून बाहेर पडले.

शुक्रवारी सकाळी रोझिना उठली नाही. डॉक्टर आले, नाडी पाहिली, प्रवासाचा शीण आहे, झोपू द्या म्हणाले. ते गेल्यावर मी तिची पापणी बोटानं उचलली. सोडली की ती खाली यायची. मी हाक मारली की ओठ हलायचे, नंतर तेही हलेनात. छातीवर हात ठेवला तर श्वास दोनदा आला की मग वाट पाहावी लागायची.

मी आमांडला सगळं सांगितलं. तो पलंगाच्या कडेला बसला होता.

"दगड वाढत नाही, मेना. तूच म्हणतेस."

"मी हात लावून आलेय."

त्यानं रोझिनाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "काय करणार?"

"काढणार. दगडातून काढता येतं."

"माझ्या आयुष्यात एकच चेहरा जिवंत उतरलाय." त्यानं एक बोट वर केलं. "एकच. आणि आज शुक्रवार आहे. आज दगडाला लोखंड लावत नाहीत. तुझ्याच बापानं मला शिकवलंय."

माझा बापच काय, आमची सगळी खाण तेच सांगायची. येशूच्या मरणाच्या दिवशी डोंगर उघडतात, दगड उघडा असतो, त्या दिवशी दिलेला घाव कायमचा. आमच्याकडे त्या दिवशी छिन्नीला धारसुद्धा लावत नाहीत. मी हे लहानपणापासून ऐकलं होतं आणि कधी मानलं नव्हतं, आणि कधी मोडलंही नव्हतं.

आमांड उठला. कारखान्यात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली सगळ्यात बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी होती. ती त्यानं माझ्या हातात दिली आणि पुन्हा रोझिनाजवळ जाऊन बसला. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

दुपारी सगळं गाव येशूच्या क्रूसाची वाट चालत टेकडीवर गेलं होतं. चर्च रिकामं होतं. बाहेर पोरांचे खुळखुळे कडाडत होते. मी कापडाखाली शिरले आणि हात लावला.

डोळे जवळजवळ मिटले होते. खाली एक फट उरली होती, नख जाईल एवढी.

मी डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. खुळखुळे वाजले की ठोका, थांबले की थांबायचं. दगड ओला होता. वालुकाश्मात खाणीतलं पाणी असतंच, हे मला माहीत आहे. छिन्नी लोण्यात शिरावी तशी शिरत होती. पापणी मी जुन्या रेषेपर्यंत मागे नेली, नीट, जशी आधी होती तशी. मग उजवा डोळा. तो झाल्यावर मी डाव्यावर पुन्हा बोट फिरवलं.

पापणी खाली आली होती.

मी पुन्हा काढली. उजव्याकडे वळले. उजवी खाली आली होती.

किती वेळ हे चाललं कोण जाणे. मी काढायची आणि ती यायची. माझ्या मनगटावरून दगडाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मी रोझीशी बोलत होते, लहानपणी तिला उठवताना बोलायचे तसं. ऊठ गं, शाळेला उशीर होतोय, ऊठ.

बाहेर खुळखुळे थांबले. लोक टेकडीवरून परतत होते.

मी छिन्नी भुवईच्या हाडाखाली लावली आणि डावी पापणी मुळापासून काढली.

मग उजवी.

मग हात लावून पाहिलं. वाट पाहिली. काही खाली आलं नाही. दोन डोळे उघडे, पूर्ण गोल, आणि वर काहीच नव्हतं.

मी एप्रनमध्ये पडलेल्या कपच्यांसकट घरी पळाले. दारातच मला सूपाचा वास आला. आमांड चुलीपाशी उभा होता, गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो जिऱ्याच्या सूपात चमचा फिरवत होता. रोझिना पलंगावर उठून बसली होती. डोळे टक्क उघडे, चेहऱ्यावर रंग.

"आई, कुठं होतीस? मी उपाशी मरतेय."

मी तिथंच जमिनीवर बसले आणि हसत सुटले. मला हसू आवरेना. तीही हसायला लागली, काय झालं ते न कळताच. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी भांडंभर सूप संपवलं. इतकं सुख मला आयुष्यात झालेलं नाही.

शनिवारी ग्लोरियाचं स्तोत्र सुरू झालं आणि घंटा परत आल्या. हिरोनिमस अंगात आल्यासारखा दोर ओढत होता. एकामागून एक कापडं पडली. डोरोथेआचं पडलं आणि पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकली.

मी आमांडकडे पाहिलं. मला वाटलं, तो कोसळेल. तो मूर्तीकडे एकटक पाहत होता.

"जिवंत आहे," मागून कुणीतरी पुटपुटलं. "बघतेय ती." फादर कायेटाननी प्रार्थनेतली ओळ गाळली. बाहेर पडताना प्रत्येकजण आमांडचा हात हातात घेत होता, आणि प्रत्येकजण एकदा वळून तिच्याकडे पाहत होता. रोझिना तिच्याखाली उभी राहून म्हणाली, "बाबा, ही तर मीच."

घरी जाताना आमांड माझ्या कानाशी म्हणाला, "मुळापासून काढल्यास?"

"हो."

"बरं केलंस," तो म्हणाला. मग शीळ घालायला लागला, पण सूर जमेना म्हणून सोडून दिलं.

ईस्टरच्या दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आमांडनं दाराशी उभं राहून खुंटीवरचा कामाचा एप्रन झटकला. ती त्याची जुनी सवय, मी रोज ओरडते. दगडाची धूळ उन्हात उडाली, थेट टेबलावर आली. मी डोळे गच्च मिटले, आमांडनंही मिटले. उघडले तेव्हा रोझिना काडिझच्या मिठागरांचं सांगत होती. धूळ तिच्या केसांवर होती, भुवईवरच्या व्रणावर होती. एक कण तिच्या उजव्या बुबुळावर बसला होता. ती बोलत होती, हसत होती आणि तो कण तिथंच होता.

मी रुमालाचं टोक ओलं करून तो टिपून घेतला. तिला कळलंसुद्धा नाही.

आमांड एव्हाना टेबलाशी येऊन बसला होता. त्यानं उचललेला काटा खाली ठेवला. आम्ही दोघंही तिच्याकडे पाहत राहिलो. पापणी लवायची वाट पाहत.

"काय झालं?" रोझिना म्हणाली. "तुम्ही दोघं असे काय बघताय?"

"किती दिवसांनी बघतोय तुला," मी म्हटलं.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, आई, जरा पडते. मी तिला नव्या पिसांच्या गादीवर निजवलं आणि भांडी आवरायला गेले. परत येऊन पाहते तो तिला गाढ झोप लागली होती. श्वास संथ आणि खोल, लहानपणीसारखा. डोळे उघडे, छताकडे लागलेले.

मी पेटी उघडली. जांभळ्या कापडाचा उरलेला तुकडा काढला आणि तिच्या चेहऱ्यावर पसरला. मग शेजारी खुर्ची ओढून बसले. श्वासाबरोबर कापड थोडं वर यायचं आणि खाली जायचं. मी तेवढंच पाहत राहिले.